आधारवरचं सासरचं नाव

स्क्रीनवर नाव आलं, राजनंदिनी संदीप माने. या नावाची विद्यार्थिनी आमच्या कॉलेजात नव्हती.

खिडकीपलीकडे उभी होती ती अश्विनी बाळासो पाटील. इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष. गळ्यात नवं मंगळसूत्र. शेजारी शिरोळकडून आलेले तिचे सासरे, माने काका.

"राजनंदिनी कोण?" मी विचारलं.

"हीच की," काका म्हणाले. "लग्नात नाव बदललंय. पोरानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलंय."

"आणि आधारवर?"

"तिथं बी बदललंय. लगीच."

मी खुर्चीत मागे टेकलो. काम अवघड होणार हे तेव्हाच कळलं.

कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी स्कॉलरशिप विभाग सांभाळतो. मी स्वतः गारगोटीजवळच्या खेड्यातला. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही सरकारी फी सवलतीवर झालेला. तेव्हा कॉलेजच्या क्लार्कनं एक कागद भरून घेतला, वडिलांनी अंगठा दिला, काम संपलं. ती सवलत नसती तर मी या खिडकीच्या कुठल्याच बाजूला पोहोचलो नसतो. त्यामुळे इथं आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवणं मला जड जातं.

आता कागद गेला, पोर्टल आलं. अलीकडे सरकारनं ठरावीक उत्पन्नाखालच्या घरातल्या मुलींची अशा कोर्सेसची ट्यूशन फी पूर्ण माफ केली. कॉलेजनं मुलीकडून ती घ्यायची नाही, सरकार नंतर देतं. निर्णय चांगला आहे. आमच्याकडे मुली वाढल्या. पण माफी एकदाच मिळून चालत नाही. दर वर्षी पोर्टलवर रिन्यूअल करावं लागतं, म्हणजे मी अजून शिकतेय असं सांगणारा पुढचा अर्ज. पोर्टल नाव घेतं आधारवरून, आणि ताडून बघतं प्रवेशाच्या रेकॉर्डशी. रेकॉर्ड दहावीच्या प्रमाणपत्रावरून बनलेलं. दोन्हीकडे एकच माणूस दिसला नाही, की अर्ज पुढे सरकत नाही.

पोर्टलला तांदळाचं ताट माहीत नाही.

"लग्न होऊन किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर झालं की."

"मग आधारची एवढी घाई कशाला केली?"

"त्या बायकांच्या पैशाच्या योजनेसाठी. दर महिन्याला खात्यावर येत्यात न्हाय का, ते. सेवा केंद्रातला म्हणाला, सासरचं नाव लागलं की रेशनकार्डात बी घालतो आन् फॉर्म बी भरतो. मग नेली हिला."

म्हणजे एका योजनेसाठी बदललेलं नाव दुसऱ्या योजनेत आडवं आलं होतं. महिन्याचे पैसे अजून सुरू झालेच नव्हते. फीमाफी मात्र अडकली होती.

"आणि अर्ज सरकला न्हाय तर?"

"पूर्ण फी भरावी लागेल."

"एक म्हस इकावी लागंल!" काकांचा आवाज बाहेरच्या कॉरिडॉरपर्यंत गेला. "साहेब, सरळ सांगतो. फी माफ हाय म्हणून पाव्हण्यांना शब्द दिलता, पोरगी शिकंल म्हणून. फी भरायची आसंल तर मग ऱ्हाऊ दे. तीन वर्सं शिकली, बास झालं की."

अश्विनी खिडकीच्या कट्ट्याकडे बघत उभी होती.

मी प्राचार्यांकडे गेलो.

"फी भरून घ्या," ते म्हणाले.

"सर, मुलगी पात्र आहे. फक्त नाव जुळत नाही."

"सरकारकडून मागच्या वर्षाचे पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. स्टाफचा पगार कशातून करायचा? अर्जच नसेल तर मी मागणी कुणाच्या नावानं करू?"

त्यांचंही चूक नव्हतं. फी माफ झाली म्हणजे खर्च माफ झाला असं होत नाही. सरकारचे पैसे येईपर्यंत तो कॉलेजच्या अंगावर असतो.

"महिनाअखेर पोर्टल बंद होतंय," ते म्हणाले. "तोवर अर्ज बसवा. नाहीतर परीक्षेचा फॉर्म फी भरल्यावरच."

खाली येऊन मी दोन रस्ते सांगितले. एक, सगळीकडे नवं नाव लावायचं. त्यासाठी गॅझेट, मग विद्यापीठ, मग प्रवेशाचं रेकॉर्ड. महिनाअखेरपर्यंत ते होणं शक्य नव्हतं. दुसरा, आधारवर जुनं नाव परत आणायचं. दहावीचं प्रमाणपत्र घेऊन गेलं की ते वेळेत होऊ शकत होतं.

"पण एक लक्षात घ्या," मी म्हणालो. "आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. एकदा तुम्ही बदललंय. आता परत आणलं, की ते कायमचं. पुढे सहजासहजी बदलणार नाही."

"म्हंजे आमचं नाव लागायचंच न्हाय?"

"आधारवर नाही."

"आन् ती महिन्याची योजना?"

"तो अर्ज परत पहिल्यापासून. होईल की नाही, मी सांगू शकत नाही."

"दोनी चालवा की, साहेब. हितं एक नाव, तितं एक."

"माणूस एक, आधार एक, काका."

ते चिडून म्हणाले, "गावात काय सांगू? सून आमची, नाव पाटलाचं?"

मी अश्विनीकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

तिनं आधी सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, डिग्रीवर जुनंच नाव येणार हाय. नोकरीला गेले तर तेच बघणार. आधारवर बी तेच असू दे."

"आन् घरात?"

"घरात राजनंदिनीच म्हणा की. मी ओ द्यायची थांबलेय का?"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "आवाज हाय की हिला," ते मला म्हणाले. मग तिला, "चल. दुपारी केंद्र बंद हुतंय."

आधारवर नाव परत आलं, पण पोर्टल बंद व्हायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी सर्व्हर हळू होता. ओटीपी दोनदा आला नाही. तिसऱ्यांदा आला आणि अर्ज बसला. मी प्राचार्यांना प्रिंट दाखवली. ते फक्त म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म घ्या."

अश्विनी पास झाली. महिन्याच्या योजनेचा अर्ज मात्र मी शेवटचं विचारलं तेव्हाही तपासणीतच होता. ते नुकसान झालंच, ते लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून प्रवेशाच्या वेळी माझ्या खिडकीवर एक सूचना लागते. लग्न ठरलं असेल तर आधार बदलण्याआधी इथे भेटा. मुली हसतात. एका वडिलांनी विचारलं, "तुमी वधू-वर सूचक मंडळ बी चालवता काय?"

गेल्या महिन्यात माने काकांचा फोन आला. धाकट्या मुलाचं ठरलं होतं. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.

"साहेब, ह्या टायमाला आधी इचारतोय. हिचं नाव बदलायचं का न्हाय?"

"नियम मी सांगतो, काका. नावाचं तिला विचारा."

"तिला इचारलंय," ते म्हणाले. "ती म्हणली, सायबास्नी इचारा."