जाऊबाईंचा केक
बेकरीवरून जाताना भाजत्या केकचा वास आला की मला अकोल्यातला तो नाताळ आठवतो. आम्ही ख्रिस्ती बायका घरी केकचं मिश्रण कालवून नेत असू आणि बेकरीच्याच डब्यांत ओतून, वर नावाची चिठ्ठी लावून भट्टीत भाजायला देत असू. लग्नानंतरचा माझा तो पहिलाच केक, आणि तो मधोमध बसला. शेजारी थोरल्या जाऊबाईंचा टम्म फुगलेला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठ्या बदलल्या. चर्चच्या अंगणात केक वाटले तेव्हा माझं कौतुक झालं; जाऊबाईंना मात्र सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इतके वर्स झाले, तुले अजून केक जमला नाही!" पुढे ईस्टरला प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब म्हणाले, ज्याचा अपराध केला असेल त्याच्याकडे आधी जा. मला उठवेना, बसवेना. शेवटी जाऊबाईंच्या कानात सगळं सांगून टाकलं. त्या खुदकन हसल्या. "माह्या केकात बडीशोप असते, बाई. पहिल्या घासालेच समजलं होतं मले." "मंग बोलल्या काहून नाही?" "माफ त तवाच केलं होतं. तू कवा सांगशीन, याची वाट पाहून राहिली होती." हातात हात घालून आम्ही हसतच वेदीपाशी गेलो, तेव्हा पाळकसाहेबांनी डोळे वटारले. आजही कोणी त्या केकची तारीफ केली की जाऊबाई गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "खरंच, तसा केक पुन्हा झालाच नाही हिच्या हातून." त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही, म्हणून आता मीच सांगते: तो केक त्यांचा होता.