पाचवरचा काळा तुकडा

माझ्या सासरेबुवांना कुणाच्या घरी पाहुणे म्हणून नेण्याची सोय नाही. चहा येईपर्यंत ते त्या घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांवर बसून घेतात. लग्नानंतर सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग कळलं, ही धंद्याची खोड आहे. ते लाकडी घड्याळं करतात, ज्या त्या घराला शोभेल असं वेगळं. भिंत शेवटी मोजतात. घरातली माणसं बसतात कुठे आणि मान वर केली की नजर जाते कुठे, हे आधी बघतात. बहुतेकांना घड्याळ सोफ्याच्या वर हवं असतं. "सोफ्यावर बसणाऱ्याला पाठीला डोळे आहेत का?" असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारतात. तरी गिऱ्हाइकं टिकून आहेत, यात त्यांच्या जिभेचा काही हात नाही.

मोजमाप झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला. "दिवसातून कुठल्या वेळेची वाट बघता?" लोक आधी गोंधळतात, मग सांगतात. कुणाचा नवरा कामावरून सुटतो ती वेळ, कुणाच्या नातीचा फोन येतो ती. तबकडीवर त्या तासाच्या जागी सासरेबुवा गडद लाकडाचा छोटासा तुकडा बसवतात, इतका बेमालूम की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही.

आमच्या घरच्या जुन्या घड्याळात तो पाचवर आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पोरगी शाळेतून पाचला यायची." पोरगी म्हणजे माझी नणंद. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

तिने नवं घर घेतलं. राखाडी भिंती, पांढरीशुभ्र कपाटं, आणि कपाटांना हँडल म्हणून नाही. ती उघडायची कुठून हे मला अजून कळलेलं नाही. बाबा लाकूड निवडायला बसले आणि इकडे तिचा मला फोन. "वहिनी, तूच सांग ना बाबांना. त्यांचं घड्याळ माझ्या इंटिरिअरला नाही जाणार. आपल्या घरच्यासारखं ठिगळ लावलेलं तर नकोच."

तिला ती डागडुजी वाटत होती. लाकूड तडकलं असेल, बाबांनी तुकडा मारला असेल. मी फोन ठेवला आणि जेवढं सांगणं भाग होतं तेवढं बाबांना सांगितलं. ठिगळाचंही सांगितलं. ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तिला खरं काय ते सांगू का?" मी विचारलं. "घड्याळात सांगून ठेवलंय की. परत तोंडाने कशाला?" म्हणाले. मला त्यांचा राग आला. सगळ्या गावाच्या मनातलं काढून घेणारा माणूस स्वतःच्या लेकीपुढे मुका.

पण गेले. "कारागीर म्हणून आलोय, पटलं नाही तर लावू नकोस," असं तिला बजावलं, आणि एकेका खुर्चीवर बसून आले. शेवटी तो प्रश्नही विचारला. ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, मला वाट बघायला वेळ कुठाय?"

त्यांनी घड्याळ केलं ते फिक्या लाकडाचं, बारीक कडेचं. बाराच्या बारा खुणा एकसारख्या. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ते असं बसलं, जणू भिंतीबरोबरच आलं होतं. नणंद खूश झाली. "छानच झालंय हो," मी बाबांना म्हटलं. पटाशी पुसत ते म्हणाले, "झालंय. पण कुणाच्याही घरी चालेल." त्यांच्या तोंडी याहून वाईट शेरा मी ऐकलेला नाही.

त्यानंतर दर रविवारी अकराला ते तिच्याकडे जाऊ लागले. कशाला, तर सेल तपासायला. जगात कुठल्याच घड्याळाने इतके सेल खाल्ले नसतील. ती कुरकुर करायची आणि चहा टाकायची.

एकदा सुट्टीच्या दुपारी ती आमच्याकडे आली होती. तेवढ्यात एक आजीबाई आपलं घड्याळ न्यायला आल्या. पिशवीत घालण्याआधी त्यांनी नऊवरच्या काळ्या तुकड्यावरून अंगठा फिरवला आणि आपणहून नणंदेला म्हणाल्या, "नऊला लेकाचा फोन येतो माझ्या. तुझ्या बाबांनी विचारून घेतलंय."

आजीबाई गेल्या. नणंद आतल्या खोलीत जाऊन आमच्या घड्याळासमोर उभी राहिली. मग स्वयंपाकघरात आली. "वहिनी, पाचला काय होतं आपल्याकडे?"

"मी कुठे होते तेव्हा?" मी भाजी चिरत म्हटलं. "पाचला घरी कोण यायचं, ते तूच आठव."

माझ्या हातातली सुरी घेऊन उरलेली भाजी तिने चिरली, जाड-बारीक, कशीही.

पुढच्या रविवारी बाबा निघायच्या आत तीच दारात हजर. काखेत चादरीत गुंडाळलेलं घड्याळ.

"काय बिघडलं?" बाबा घाबरले.

"बिघडलं काही नाही. एक तुकडा बसवायचा राहिलाय. अकरावर."

बाबांनी तबकडी उताणी केली, परत पालथी केली. काळ्या लाकडांचा डबा समोर असून त्यांना तो सापडेना. शेवटी मीच हातात दिला.

"तुझ्या इंटिरिअरला जाईल का पण?" त्यांनी मान खाली घालून विचारलं.

"नाही जाणार," ती म्हणाली. "बसवा तुम्ही."