न्हित आणि शित

माझा धाकटा भाऊ सो पाइंग हा इरावती नदीवर पाणी मोजणारा माणूस आहे. बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहून तो पट्टे रंगवलेला बांबू पाण्यात सोडतो आणि जितके हात पाणी असेल तो आकडा ओरडून सांगतो. मागे सुकाणू धरलेला तांडेल केवळ त्या आवाजावर बोट वळवतो. आमच्या भाषेत दोनला ‘न्हित’ म्हणतात आणि आठला ‘शित’. आठ हात पाण्यात बोट सुखाने जाते. दोन हात पाण्यात ती वाळूत रुतते.

तीस वर्षे तंबाखूचे पान गालात धरल्यामुळे त्याला जबड्याचा कर्करोग झाला. यांगूनच्या डॉक्टरांनी जबड्याचा डावा भाग काढला व किरणांचे उपचार केले. तो वाचला; परंतु गाल आत बसला, गळ्याची कातडी आखडली, लाळ गळू लागली आणि न्हित व शित हे दोन्ही त्याच्या तोंडून ‘इत’ असेच येऊ लागले. तांडेल उ चान म्या यांनी बांबू दुसऱ्याच्या हाती दिला. त्यांनी योग्यच केले, असे माझे मत आहे. भाऊ मात्र नदीकडे पाठ करून बसू लागला.

वर्षभराने डॉक्टर खिन म्यो बाईंनी त्याच्या पायातील बारीक हाडाचा जबडा करण्याचे आणि पोटरीच्या कातडीने गळा भरून काढण्याचे ठरवले.

“पण काका, पोटरीवर मासा गोंदलाय. अर्धा कापला जाईल,” बाई त्याला म्हणाल्या.

भावाने पाटीवर लिहिले, “न्या. पोहणाराच आहे.”

शस्त्रक्रियेस अकरा तास लागले. माशाचे डोके पायावर राहिले, शेपूट गळ्यावर आली.

चान म्या भेटीस आले. “मासा गळाला लागतो हे ठाऊक होतं. हा तर गळ्याला लागला की रे!”

भाऊ हसला. हसताना लाळ गळली नाही, हे मी पाहिले.

“बांबू?” त्याने विचारले.

“नदीवर एकदा ऐकेन. पण मी समोर पाण्याकडे बघणार, आकडा दाखवणाऱ्या तुझ्या हाताच्या बोटांकडे नाही.”

त्यानंतर चार महिने मी रोज त्याच्या ओठांसमोर कोंबडीचे पीस धरले. शित म्हणताना पीस उडाले पाहिजे, न्हित म्हणताना नाक घुमले पाहिजे.

“ताई, पीसच दाखवणार? कोंबडी कधी?”

“आधी दोन आणि आठ वेगळे कर, मेल्या!”

नदी आटल्यावर, पकोक्कूच्या वळणावर, त्याची परीक्षा झाली. त्या बोटीवर भात मीच शिजवते, म्हणून मी हजर होते. उजव्या कडेवरून त्याने आकडा दिला, “शित!” पुन्हा, “शित!” मग बांबू एकदम थांबला.

“न्हित!”

चान म्यांनी काहीही विचारले नाही. त्यांनी सुकाणू डावीकडे फिरवले आणि आम्ही खोल पाण्यात गेलो. मागून घाईने येणारी मालाची बोट उजवीकडून पुढे घुसली व जागीच रुतली.

माझ्या भावाने कठड्यावर चढून, गळ्यावरची शेपूट ताणून, त्यांना पुन्हा आकडा दिला, “न्हित!”

“ऐकू आलं, दादा!” तिकडचा पाणी मोजणारा कमरेएवढ्या पाण्यातून ओरडला. “आधी ऐकायला हवं होतं!”

चान म्या मला म्हणाले, “बाई, आज कोंबडी करा.”