वाणात वाटलेलं वायफाय

तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी अल्लडच. सरकारी कचेरीतल्या आवक-जावकच्या टेबलावरून नुकतीच निवृत्त झालेली, आणि आपल्याला न कळणारं जगात काही उरलेलंच नाही अशा थाटात वावरणारी. ती बाई आज भेटली तर आधी तिचा चष्मा पुसून देईन.

घरात वायफाय नवंच आलं होतं, भिंतीवर त्याची दिव्यांची डबी. मुलाची कोराडीच्या वीज केंद्रात पाळीची नोकरी, सून दिवसभर लेकराच्या मागे. म्हणून त्या डबीचा कारभार मी स्वतःकडे घेतला. कारभार म्हणजे काय, तर सकाळी देवापाशी दिवा लावून झाला की डबीवरचे हिरवे दिवे मोजायचे. मग सुनेच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातली ती पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली दिसली की "नेट चांगलं आहे" असं घरभर जाहीर करायचं. खूण भरलेली असूनही नेट मुंगीच्या पावलानं चालू शकतं, हे त्या विदुषीच्या गावीही नव्हतं.

त्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायकांना वाण काय द्यायचं? मागल्या वर्षी मी चहाच्या गाळण्या लुटल्या होत्या आणि समोरच्या काकूंनी स्टीलचे डबे लुटून माझं नाक कापलं होतं. यंदा मी गल्लीत कोणी ऐकलं नसेल असं वाण काढलं. कचेरीतल्या सवयीनं सुवाच्य अक्षरात वायफायचा पासवर्ड लिहून वीस चिठ्ठ्या केल्या, तिळगुळाच्या पुडीत एकेक घातली आणि वाटून मोकळी झाले. बायका अशा हरखल्या की विचारू नका. सून त्या दिवशी माहेरी गेली होती. परत आल्यावर तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रथसप्तमी उलटली आणि तिची मुलाखत आली. लेकरासाठी तिनं चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती. ही पुण्याची कंपनी घरूनच काम देणार होती. पहिल्या खेपेला बोलता बोलता तिचं चित्र गोठलं, आवाज तुटला, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी हात जोडले. मग पुन्हा एकदा वेळ दिली, दुपारी चारची. हीच शेवटची, असंही कळवलं.

साडेतीनला तिनं लॅपटॉप उघडला. खूण भरलेली, नेट ठप्प. तिनं काहीतरी आकडे टाकून डबीचं पान उघडलं. नेटला कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, त्याची तिथं यादी असते.

"आई, आपल्या घरच्या वस्तू चार. इथं तेवीस दिसून राहिल्या. एक तर टीव्ही आहे. तुम्ही कोणाले पासवर्ड दिला काय?"

"दिला नाही वं. वाण लुटलं."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, "बदलून टाकते मी."

"लुटलेलं वाण परत घेतात काय? शोभते काय ते?" मी म्हणजे तत्त्वाची बाई!

"आई, अर्धा तास राहिला." एवढंच म्हणाली, आणि पहिल्या खेपेसारखा तिचा आवाज मध्येच तुटला. या वेळी त्यात नेटचा दोष नव्हता.

तेव्हा कुठं माझं तत्त्व खाली बसलं. "सरक, मी बदलते. कुठं लिहायचं तेवढं दाखव, न् तू केस विंचर," म्हटलं. पासवर्ड असा हवा होता की गल्लीत कोणाला सुचता कामा नये. आणि फक्त मला ठाऊक असलेली जगात एकच गोष्ट होती, माझं खरं वजन. सगळ्यांना मी पासष्ट किलो सांगत असे. दवाखान्यात काट्यावर चढायची वेळ आली की सुनेलाही बाहेर बसवत असे. इंग्रजी अक्षरांत 'माझं वजन', पुढे तो आकडा, आणि कळ दाबली. गल्लीभरचं वाण एका फटक्यात बंद.

आपला लॅपटॉपही बंद. त्यालाही नवा पासवर्ड पाहिजे! मी पदर आडवा धरून टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. चारला सात मिनिटं कमी.

"सांगा, मी टाकते," सून म्हणाली.

"मीच टाकते."

"आई!"

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. समोरच्या काकू, त्यांच्या मागे आणखी चौघी, सगळ्यांच्या हातात फोन. "ताई, वाण काहून बंद पडलं वं? माझी मालिका अर्ध्यात अटकली!"

दार सताड उघडं. मी सुनेच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले.

"चौऱ्याऐंशी?" सून केवढ्यांदा ओरडली! "तुमचं वजन तर पासष्ट ना?"

"टाक मुकाट्यानं. आणि पहिलं अक्षर मोठं करून पाह्य."

खूण भरली. नेटही आलं.

मी काकूंच्या तोंडासमोर दार लोटून घेतलं आणि मागच्या बाजूनं बाहेर गेले. त्या पाचही जणींना ओट्यावर बसवून काटोलच्या संत्र्यांची टोपली मध्ये ठेवली. "आत पोरीची मुलाखत चालू आहे. जिनं तोंड उघडलं तिनं ते संत्रं खायलेच उघडावं." पाच बायका पाऊण तास गप्प बसल्या. आमच्या गल्लीत असं आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. आतून सुनेचा आवाज येत होता. इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, पण तो कुठं तुटत नव्हता, तेवढं कळत होतं.

आठवड्यानं कळवलं त्यांनी. घेतलं तिला. मी पेढ्यांचा डबा घेऊन आधी समोरच्या काकूंकडे गेले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, डबा माझ्यापुढे धरला आणि गोड हसल्या.

"तुम्ही एकच घ्या हो, ताई. चौऱ्याऐंशी आहे."

मी दोन घेतले. महिन्याभरात पासवर्डातला आकडा वाढवावा लागला.