नवा अल्टरनेटर, जुनीच वायर

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, तरी लिहितोय.

सत्तरच्या दशकात बाबांनी घेतलेली आमची अँबॅसडर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे. हेडलाइट मंद व्हायचे, म्हणून मागच्या आठवड्यात जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतला. तो जास्त करंट देतो, तेव्हा बॅटरीपर्यंतची वायर जाड टाका, असं मी इलेक्ट्रिशियनला बजावलं होतं. "टाकली की साहेब," म्हणाला.

आज सकाळी आईला घेऊन वळसंगला निघालो. सोलापूर सुटलं आणि बॉनेटमधून धूर यायला लागला. आईचे गुडघे धड नाहीत. तिला अक्षरशः ओढून बाहेर काढलं, मग बॅटरीची वायर उपटली. आत जुनीच बारीक वायर वितळलेली, वर तेवढी नवी टेप.

आईला रिक्षाने घरी पाठवलं आणि तडक गॅरेज गाठलं. इलेक्ट्रिशियन शांतपणे म्हणाला, "जुनी गाडी हाय, जळतंय कधीकधी. तुमी लई मनावर घेताय."

तिथे एक काका हेच काम करून घेतलेली त्यांची जुनी फियाट न्यायला आले होते. मी म्हणालो, "काका, आधी टेप सोडून बघा."

सोडली. तसलीच बारीक वायर निघाली. मागच्या सीटवर बसलेल्या नातीला काकांनी हाताला धरून खाली उतरवलं.

चूक कुणाचीही होते. पण ती टेपखाली झाकून वर लोकांची लेकरं बसवणाऱ्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.