मधल्या भागाला दाद

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर, एक जर्मन संगीतकार राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी ऑफिसला गेलेली असताना माझी पार्सलं ते घेऊन ठेवतात, त्यातूनच ओळख झाली. मनात मी त्यांना आजोबा म्हणते. तोंडावर काहीच म्हणत नाही. इंग्रजीत ते खपून जातं.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तरुणपणी आजोबांच्या रचना रेडिओवर लागल्या, एका मोठ्या वाद्यवृंदाने त्यांची सिंफनी वाजवली. एकदाच. मग डच मुलीशी लग्न करून ते इकडे आले, शाळेत संगीत शिकवलं, आणि दर नाताळला गावातल्या गायकवृंदासाठी काहीतरी नवीन लिहिलं. बायको गेल्यावर लिहिणं थांबलं, ते अलीकडे पुन्हा सुरू झालं.

"प्रसिद्ध होता होता राहिलो," ते म्हणतात, "म्हणून तब्येत चांगली आहे."

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत पियानो होता आणि मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येतं, हे एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, उगाच बोलले. कारण गेल्या ऑक्टोबरात बाडहूव्हडॉर्पच्या छोट्या चर्चमध्ये ते आपली नवी रचना वाजवणार होते, आणि पानं उलटायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

खरं तर काम माझ्या स्वभावाचंच होतं. काळे कपडे घालायचे, डावीकडे बसायचं, वेळेवर उठून पान उलटायचं आणि कोणाला दिसायचं नाही.

काळजी होती ती मधल्या संथ भागाची. त्यांच्या मुलीला तो रेंगाळल्यासारखा वाटायचा. त्यांनी स्वतःच त्यावर पेन्सिलने फिकट फुल्या मारून ठेवल्या होत्या. तो भाग ठेवायचा की काढायचा, हे कार्यक्रमानंतर ठरणार होतं.

"टाळ्यांवरून कळेल ना," मी म्हटलं.

"इथे? इथे लोक सगळ्यालाच उभे राहतात. मी पियानोचं नुसतं झाकण लावलं तरी उभे राहतील."

कार्यक्रमाच्या दुपारी तो भाग आला. सराव करताना मी फक्त पानांकडे बघायचे. त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकला. डावा हात थांबला, मग उजवाही. शेवटचा सूर विरत गेला आणि माझ्या तोंडून "वा" निघालं.

मोठ्याने नव्हतं, पण चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. माझे कान तापले. लहानपणी बाबा मला मैफिलींना न्यायचे, ते अशी दाद द्यायचे. मी तिथेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

पुढचं पान तेवढं वेळेवर उलटलं.

शेवटी सगळे उभे राहिले. मग कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट. मुलीने विचारलं, "मधेच कोणी शिंकलं का?"

"शिंक नव्हती ती," आजोबा म्हणाले. माझ्यासमोर पानं उघडून धरली. "कुठे आली, दाखव."

मी बोट ठेवलं.

"इथे मी काहीच लिहिलेलं नाही. विराम आहे."

"हो. तिथेच." मग सांगावंच लागलं. "आमच्याकडे शेवटपर्यंत थांबत नाहीत. आवडलं की तिथल्या तिथे सांगतात."

"आणि नाही आवडलं तर?"

"चहा प्यायला बाहेर जातात."

ते खो खो हसले. मुलीकडे वळून म्हणाले, "बघ, ही बाहेर गेली नाही."

"तिला पानं उलटायची होती, पपा," मुलगी म्हणाली. पण तीही हसत होती.

परतताना बसमध्ये त्यांनी पानं मांडीवर घेतली, खिशातून खोडरबर काढलं आणि फुल्या पुसायला लागले. बस वळण घेत असली की थांबायचे. पान पुसून झालं की माझ्याकडे बघून मान हलवायचे, आणि मी पुढचं उलटायचे.