खिडकीतले जिवंत दगड
ओल्या वाळूचा वास आला की भिवंडीजवळच्या काल्हेरच्या आमच्या नव्या घरातली एक सकाळ आठवते. खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळू भरलेल्या कुंडीत मी हौसेनं हुबेहूब गोट्यांसारखी दिसणारी रोपं लावली होती. "दगडाला कुनी पानी घालतं का?" म्हणत सासूबाई हसायच्या. त्या सकाळी एक रोप पार सुरकुतलेलं दिसलं. माझ्याच हातून मेलं म्हणून डोळे भरून आले. मी ते कचऱ्यात टाकायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. "थांब गो, मधी बघ!" सुकलेल्या पानांच्या फटीतून कोवळ्या पानांची जोडी डोकावत होती. जन्मभर शेती केलेल्या सासूबाई धावत दारात गेल्या आणि शेजारणीला ओरडून म्हणाल्या, "अगो, आमचे दगडाला पोर झाला!" आता कुंडीत पाच रोपं आहेत आणि पाचांची नावं त्यांनीच ठेवलीत.